जेव्हा वीज जाते, तेव्हा

जूनमधल्या एका सोमवारी सकाळी नऊला हिशेब विभागातल्या ताईंचा फोन आला. "भाऊ, पावती निघत नाही. स्क्रीन नुसती फिरते. बाहेर माणसं थांबलीत."

गोव्यात, फोंड्यातल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. मुख्य कार्यालयात एक मोठा सर्व्हर, आणि डिचोली, साखळी, वाळपई इथल्या शाखा त्याला जोडलेल्या. पोचलो तेव्हा डेटाबेस बंद पडलेला होता, कारण मुख्य डिस्कवर तसूभर जागा उरली नव्हती. जागा खाल्ली होती आमच्याच बॅकअपने.

झाले होते असे. मेच्या अखेरीस मी बॅकअपसाठी वेगळी डिस्क बसवली आणि ती हाताने कमांड देऊन माउंट केली, म्हणजे सर्व्हरच्या एका फोल्डरला जोडली. सर्व्हर सुरू होताना कोणत्या डिस्का जोडायच्या याची यादी 'एफएसटॅब' या फाइलीत असते. तिच्यात नोंद करायची राहिली. गुरुवारी रात्री विजांचा कडकडाट झाला, वीज गेली, तासाभराने यूपीएसही संपला. पहाटे वीज आल्यावर सर्व्हर आपोआप उठला, पण बॅकअपची डिस्क जोडली गेली नाही. जिथे ती जोडायची, ते फोल्डर मात्र जागच्या जागी होते. सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्स या कार्यप्रणालीच्या लेखी ते आता मुख्य डिस्कवरचे एक साधे रिकामे फोल्डर. शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन रात्रींचे बॅकअप त्यातच पडत गेले आणि सोमवारी पहाटे डिस्क भरली. चूक सर्वस्वी माझी होती. अकराच्या सुमारास काउंटर सुरू झाले, तोवर वाळपईहून दोनदा फोन येऊन गेला होता.

दुपारी ताई शेजारी येऊन बसल्या. मी त्यांना तपासणीचा अहवाल दाखवला. सगळ्या सर्व्हरची मांडणी मी अन्सिबल या साधनाच्या प्लेबुकमध्ये, म्हणजे सर्व्हर आपोआप उभारणाऱ्या सूचनांच्या फाइलीत, लिहून ठेवली आहे आणि त्यावर टेस्टइन्फ्रा या पायथनच्या साधनाने ४१ तपासण्या लावल्या आहेत. पॅकेज आहे का, फाइल आहे का, फोल्डरचा मालक बरोबर आहे का, सेवा चालू आहे का. त्या सकाळी, डिस्क मोकळी करून डेटाबेस उठवल्यावर लगेच, एकेचाळीसच्या एकेचाळीस हिरव्या आल्या होत्या. बॅकअपची डिस्क तेव्हाही सुटलेलीच होती.

ताईंनी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. म्हणाल्या, "हे सगळं ठीक. पण यात पावती कुठे आहे?"

तो प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरलो. टेस्टइन्फ्रामध्ये डिस्क माउंट आहे का हे विचारायची सोय आहे, मीच ती विचारली नव्हती. पण ती विचारली असती तरी ताईंचा प्रश्न तसाच राहिला असता. माझ्या तपासण्या मी काय बसवले याची उजळणी करत होत्या. पतसंस्थेला हवे होते काय, तर रात्री वीज गेली तरी सकाळी पावती निघावी. हे वाक्य माझ्या एकाही फाइलीत नव्हते.

बिहेवियर ड्रिव्हन डेव्हलपमेंट, म्हणजे बीडीडी, मला प्रोग्रामरांच्या बोलण्यातून ठाऊक होते. डॅन नॉर्थ यांनी २००६ साली एका लेखातून ही पद्धत मांडली. प्रोग्रामने कसे वागावे हे आधी साध्या वाक्यांत लिहायचे, ते ज्याला हवे आहे त्याच्यासोबत बसून लिहायचे, आणि मग तीच वाक्ये चाचणी म्हणून चालवायची. अस्लाक हेलेसॉय यांनी २००८ मध्ये केलेले कुकंबर हे त्याचे सर्वांत परिचित साधन. ही वाक्ये लिहिण्याच्या ठरावीक पद्धतीला घर्किन म्हणतात. वेबसाइटवर लॉगिन होते का, टोपलीत वस्तू पडते का, असल्या चाचण्यांसाठी ते वापरतात हे मी पाहिले होते. सर्व्हरसाठी वापरावे असे मनात आले नव्हते. पण सर्व्हरही वागतोच की. वीज गेल्यावर तो कसा वागतो, डिस्क नसली तर कसा वागतो, परक्याने दार ठोठावले तर कसा वागतो.

घर्किनचे खरे शब्द मोजकेच, आणि ते सत्तरहून अधिक भाषांत आहेत. यादी चाळताना मराठी सापडली तेव्हा मला फार आनंद झाला. वैशिष्ट्य, परिदृश्य, पार्श्वभूमी, जर, जेव्हा, तेव्हा, आणि, पण. इंग्रजीत गिव्हन, व्हेन, देन असे तीन वेगळे शब्द एकामागून एक ठेवावे लागतात. आपल्याकडे जेव्हा आणि तेव्हा ही जोडी भाषेतच बांधलेली आहे, 'जेव्हा' म्हटले की ऐकणारा 'तेव्हा'ची वाट पाहतो. 'जर' मात्र थोडा खटकतो, कारण जर आला की मराठी कान 'तर' मागतो. दुसरा पर्याय 'दिलेल्या प्रमाणे' असा आहे, तो तर सरकारी फॉर्मवरचा वाटतो. मी जरवरच थांबलो.

ताई घरी कोंकणी बोलतात, पण संस्थेची इतिवृत्ते आणि पत्रे वर्षानुवर्षे मराठीत लिहीत आल्या आहेत. त्यांची वाक्ये मोजकी असतात. रोज चारनंतर गर्दी ओसरली की अर्धा तास आम्ही बसायचो. पहिले परिदृश्य जवळजवळ त्यांच्याच शब्दांत उतरले:

परिदृश्य: रात्री वीज जाते आणि पहाटे येते
जर मुख्य सर्व्हर चालू आहे
आणि बॅकअपची डिस्क जोडलेली आहे
जेव्हा सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा सुरू होतो
तेव्हा ५ मिनिटांत काउंटरवरून पावती निघते
आणि रात्रीचा बॅकअप बॅकअपच्या डिस्कवरच जातो

यातल्या प्रत्येक ओळीमागे मला रुबी या प्रोग्रामिंगच्या भाषेत थोडा कोड लिहायचा होता. कुकंबर ओळ वाचतो, तिच्याशी जुळणारा कोड शोधतो आणि चालवतो. जमले तर हिरवे, फसले तर लाल, कोडच सापडला नाही तर पिवळे.

इथे माझा पहिला आठवडा गेला, आणि तो मराठी टंकलेखनामुळे गेला. 'दुसऱ्या शाखेतून पावती निघते' ही ओळ मी लिहिली की चालायची, ताईंनी त्यांच्या संगणकावर लिहिली की पिवळी. डोळ्यांना दोन्ही ओळी एकसारख्या. अखेर अक्षरांचे कोड उलगडून पाहिले. माझ्या कीबोर्डवर अर्धा ऱ्य होताना युनिकोडमधले ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरले जात होते. ताईंच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडचिन्हाचा कोड पडत होता. दोघांचा आकार एकच, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या ठरलेल्या सामान्यीकरणानेही हे दोन एक होत नाहीत. शेवटी चाचणी चालवण्याआधी सगळ्या फाइलींतला दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली.

त्यानंतर त्या '५ मिनिटांत'ने अडवले. रुबीच्या पॅटर्नमध्ये अंकासाठी जी खूण असते ती फक्त इंग्रजी अंक ओळखते. ती बदलून घेतली, तर चाचणी क्षणात लाल. कारण रुबीला '५' हा मजकूर आकड्यात बदलायला सांगितला की ती मुकाट्याने शून्य देते. पाच मिनिटांची मुदत द्यायची तिथे शून्य मिनिटांची देऊन चाचणी म्हणत होती, पावती निघाली नाही. देवनागरी अंक आधी बदलून घेणारी एक ओळ घातली. मराठीत असे काम करणाऱ्या कुणाचेही हे दोन खड्डे चुकणार नाहीत, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिले.

आता खरी परीक्षा. कार्यालयातला चालता सर्व्हर बंद करून पाहणे शक्य नव्हते. मी माझ्या संगणकावर व्हेग्रंट आणि व्हर्च्युअलबॉक्स वापरून त्याच प्लेबुकमधून एक आभासी सर्व्हर उभा केला. कंटेनर हा आभासी सर्व्हरचा हलका पर्याय, पण तो यजमान संगणकाचाच कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, वापरतो, त्यामुळे बूट होताना, म्हणजे सर्व्हर सुरू होताना, काय होते ते त्यात दिसत नाही. आम्हाला नेमके तेच पाहायचे होते. बंद करायचे तेही सभ्यपणे रीस्टार्ट करून नाही, तर वायर उपटल्यासारखे.

पहिल्याच फेरीत लाल. डिस्कची नोंद मी केली होती, ती जोडली गेली. उठली नाही ती पावतीची सेवा. प्लेबुकमध्ये मी ती 'सुरू कर' असे लिहिले होते, 'बूट होताना सुरू होत जा' असे लिहिलेच नव्हते. कार्यालयातल्या सर्व्हरवर ते कधीतरी हाताने केले होते आणि विसरलो होतो. तो सर्व्हर उद्या जळाला असता आणि मी प्लेबुकमधून नवा उभारला असता, तर पहिल्या वीज जाण्यालाच काउंटर आडवे झाले असते. ते लाल अक्षर पाहून मी बराच वेळ गप्प बसून राहिलो.

डिस्कबद्दल एक निर्णयही घ्यावा लागला. एफएसटॅबमधल्या नोंदीची डिस्क सापडली नाही, तर लिनक्स सुरू करणारी सिस्टमडी ही यंत्रणा आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन थांबते, आणि रात्री दोन वाजता कार्यालयात तिच्यासमोर बसायला कोणी नसते. 'नोफेल' हा पर्याय लिहिला तर डिस्क नसतानाही सर्व्हर उठतो, पण मग जूनचीच गोष्ट पुन्हा. ताईंना दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांनी लगेच उत्तर दिले, आणि तेच दुसरे परिदृश्य झाले: जर बॅकअपची डिस्क जोडलेली नाही, जेव्हा रात्रीचा बॅकअप सुरू होतो, तेव्हा तो थांबतो आणि आम्हा दोघांना संदेश येतो, पण काउंटरचे काम चालू राहते. नोफेल ठेवला आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आधी डिस्क खरोखर जोडलेली आहे का ते तपासायला लावले.

तिसरे परिदृश्य दारांचे, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरमध्ये शिरायच्या पोर्टांचे. शाखांना ४४३ क्रमांकाचा पोर्ट उघडा हवा आणि पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसचा ५४३२ बाहेरून बंद हवा. सर्व्हरच्या आत बसून हे तपासण्यात अर्थ नाही, म्हणून दुसऱ्या आभासी संगणकावरून दार ठोठावले. पोर्ट बंद, चाचणी हिरवी. मी समाधानी. दोन दिवसांनी लक्षात आले की त्या दुसऱ्या संगणकाचे नेटवर्कच जोडलेले नव्हते. त्याच्यासाठी जगातले प्रत्येक दार बंद होते. आता त्या परिदृश्यात आधी ४४३ उघडतो हे सिद्ध व्हावे लागते, मगच ५४३२ चे 'बंद' मोजले जाते. आणि तेव्हापासून प्रत्येक नवी ओळ हिरवी झाली की मी सर्व्हर मुद्दाम बिघडवतो, ती लाल होते का बघतो, मगच ती ठेवतो. फायरवॉल उघडून ठेव, सेवा बंद कर, डिस्क काढ. पाच मिनिटांचे काम आहे.

पाच मिनिटांवरून आठवले: सर्व्हर उठायला कधी चाळीस सेकंद लागतात, कधी दीड मिनिट. आधी मी सरळ साठ सेकंद थांबून मग एकदाच विचारायचो, त्यामुळे तीच चाचणी सकाळी हिरवी आणि दुपारी लाल. आता दर तीन सेकंदांनी विचारायचे आणि पाच मिनिटे झाली तरच हार मानायची.

मला सर्वांत प्रिय आहे ते चौथे परिदृश्य. बॅकअप झाला असे फाइल बघून म्हणता येत नाही, तो परत उघडता आला पाहिजे. रोज रात्री बॅकअप एका कोऱ्या आभासी सर्व्हरवर उतरवला जातो आणि त्यातली शेवटची पावती शोधली जाते. ताई दिवसअखेर शेवटच्या पावतीचा क्रमांक हाताने एका वहीत लिहितात, अनेक वर्षांची सवय. तोच क्रमांक आता एका छोट्या फाइलीतही लिहितात, आणि चाचणी तो जुळवते. ठेवीदारांची माहिती असते, म्हणून त्या आभासी सर्व्हरला बाहेरचे नेटवर्क दिलेले नाही आणि काम झाले की तो पुसून टाकला जातो.

हे सगळे चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, उभे राहायला हवे होते. चवथीच्या आधीचे आठ दिवस आमच्याकडे सर्वांत मोठी गर्दी असते. माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे) सामान, कपडे, फटाके, सगळ्यासाठी लोक बचतीतून पैसे काढायला येतात. त्या आठवड्यात एका मध्यरात्रीनंतर वीज दोनदा गेली. सकाळी साडेआठला मी पोचलो तर ताई आधीच आलेल्या, काउंटरवर पावती काढून बघत होत्या. पावती निघाली. त्यांनी ती वहीत चिकटवून ठेवली.

जुन्या ४१ तपासण्या मी काढलेल्या नाहीत. एखादे परिदृश्य लाल झाले की नेमके काय बिघडले ते त्याच पटकन सांगतात. पण संचालकांच्या बैठकीत आता परिदृश्यांची फाइल छापून नेतो, आणि सगळे ती वाचतात. एकाने विचारलेही, की साखळीत पाणी शिरले तर काय? ती ओळ लगेच लिहून घेतली.

गेल्या आठवड्यात ताईंनी मला न विचारता फाइलीच्या शेवटी आणखी एक परिदृश्य घातले: जेव्हा वाळपई शाखेची लाईन मधेच तुटते, तेव्हा तिथे घेतलेली पावती दोनदा चढत नाही. सध्या ते पिवळे आहे. त्यामागचा कोड लिहायला आज बसलो आहे.