ओळखीचे दिसणारे जुने इंग्रजी शब्द

जुन्या इंग्रजीत अनोळखी शब्द फारसा घात करत नाही, कारण आपण मुकाट्याने शब्दकोश उघडतो. फसवतो तो ओळखीचा. शेक्सपिअरच्या नाटकात बाल्कनीतली ज्युलिएट ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’ म्हणते तेव्हा ती त्याला शोधत नसते. व्हेअरफोर म्हणजे ‘का’: तू रोमिओच का, शत्रूच्या घराण्यातला का? ‘दाऊ’ म्हणजे आपला सरळ ‘तू’. हे मराठी माणसाला आजच्या इंग्रजापेक्षा लवकर उमगावं.

‘लेट’चं पाहा. एक लेट परवानगी देतो, दुसरा अडवतो. मुळात हे दोन वेगळे शब्द, उच्चार घासून एक झाले. अडवणारा जवळजवळ मेला. टेनिसच्या सर्व्हिसमध्ये (चेंडू जाळीला घासला की ‘लेट’) आणि भारतीय पासपोर्टवरच्या ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’मध्ये तेवढा तग धरून आहे.

1611 च्या किंग जेम्स बायबलमधलं ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी पोहोचणं. तिथला भक्त पहाट रोखत नाही, पहाटेआधी उठतो. त्याच ग्रंथात ‘सफर’ (suffer, आज सोसणं) म्हणजे ‘परवानगी देणं’.

‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री, आणि आता विस्मृतीत गेलेला ‘सेनाइट’ म्हणजे सात. (आपण मात्र पंधरवडा आणि आठवडा म्हणतो, दोन्हीकडे एक जास्त!)

अर्थ शोधताना खिशातला कोश उपयोगाचा नाही. तो आजचाच अर्थ देतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे असतात. आपल्या पुस्तकाचं साल घ्या आणि त्या काळात चालू असलेलेच अर्थ वाक्यात बसवून पाहा.