अलास्का: आधी रान ठरवा, मग जहाज

अलास्काच्या क्रूझची चौकशी करायला गेलं की पहिल्यांदा समोर येतं ते जहाज. मजले किती, बाल्कनीची खोली घ्यायची की आतली, जेवणाचं काय. जमिनीवरचा भाग माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर एका चौकटीत असतो, 'अँकरेज-डेनाली ३ रात्री' एवढाच. आम्ही चौघं, म्हणजे मी, हे आणि सांगलीचे ताई-दाजी, उलट्या बाजूने गेलो. आधी रान ठरवलं आणि त्याला जुळेल असं जहाज शोधलं. साताऱ्यात परतल्यापासून जो कोणी विचारतो त्याला मी हेच सांगते, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

असं ठरवण्यामागे बामणोलीचा अनुभव होता. शिवसागर जलाशयातून लाँचने वासोट्याला आपण जातो, तेव्हा पाण्यावरून कोयनेचं रान सुंदरच दिसतं. पण ते रान आहे म्हणजे काय, हे मेट इंदवलीला उतरून वाटाड्यामागे झाडीत शिरल्यावर कळतं. गव्याची पावलं, अस्वलाने ओरबाडलेलं खोड, हे काही लाँचमधून दिसत नाही. अलास्कातही तसंच आहे. जहाजातून हिमनद्या आणि देवमासे दिसतात, किनारा दिसतो. ग्रिझली अस्वल, कॅरिबू म्हणजे तिकडची रेनडियर हरणं, लांडगे हे सगळं आत, शेकडो किलोमीटर उत्तरेला. ते बघायचं असेल तर आत जाऊन राहावं लागतं.

डेनाली राष्ट्रीय उद्यान सुमारे ६० लाख एकरांचं आहे, आपल्या सातारा जिल्ह्याच्या दुपटीहून मोठं. एवढ्या मुलखात रस्ता एकच, ९२ मैलांचा. खासगी गाडी उन्हाळ्यात पहिल्या १५ मैलांपर्यंतच सोडतात, पुढे उद्यानाच्या बसनेच जायचं. त्यातही ४५व्या मैलापाशी प्रिटी रॉक्स नावाच्या जागी डोंगर सरकतोय, त्यामुळे ऑगस्ट २०२१पासून ४३व्या मैलापुढचा रस्ता बंद झाला आणि तिथे पुलाचं काम काढलं गेलं. आम्ही गेलो तेव्हा बस ४३व्या मैलावरूनच परत फिरत होत्या. तुम्ही जाल त्या वर्षी काय स्थिती आहे हे उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी पाहा. जुने फोटो आणि व्हिडिओ पाहून 'रस्त्याच्या पार टोकाकडच्या वंडर लेक तळ्यापर्यंत जाऊ' असं मनात धरून ठेवू नका.

आता निवड. आमच्यासमोर तीन पर्याय होते.

पहिला, महाराष्ट्रातल्या टूर कंपनीबरोबर. सोबत मराठी टूर मॅनेजर, रोज एक वेळ तरी भारतीय जेवण, व्हिसाची कागदपत्रं तेच बघणार. ज्यांचा हा पहिलाच परदेश प्रवास आहे त्यांना हे सोयीचं, यात शंका नाही. पण आम्ही ज्या सहलींचे कार्यक्रम पाहिले, त्यांत रानाच्या वाट्याला फार थोडा वेळ होता. अँकरेजला उतरायचं, शहर बघायचं, बंदर गाठायचं.

दुसरा, क्रूझ कंपनीचीच जोडसहल. जहाज आणि जमीन एकाच बुकिंगमध्ये. सामान खोलीतून उचलतात आणि पुढच्या खोलीत पोचवतात, काचेच्या छताच्या आगगाडीतून नेतात, सत्तरीच्या माणसालाही कुठे धावपळ नाही. पुष्कळ लोक हेच घेतात आणि खूश असतात. घ्यायचं असेल तर मात्र दोन गोष्टी लेखी विचारून घ्या.

एक म्हणजे डेनालीच्या रात्री नेमक्या कुठे आहेत. उद्यानाचं प्रवेशद्वार उत्तरेकडे आहे, अँकरेजपासून सुमारे ३८० किलोमीटरवर. दक्षिणेकडे टॉकीट्ना गावाच्या बाजूलाही मोठी लॉज आहेत. तिथून डेनाली पर्वत छान दिसतो, गावही गोड आहे, पण प्रवेशद्वार तिथून अडीच-तीन तास लांब. चौकटीत लिहिलेल्या डेनालीच्या दोन रात्रींपैकी एक इकडे आणि एक तिकडे असेल तर उद्यानासाठी हातात पुरा दिवसही उरत नाही. प्रवेशद्वारापाशी सलग तीन रात्री मिळाल्या तर उत्तम, दोन तर हव्यातच.

दुसरं, उद्यानातली कोणती बसफेरी पैशात धरली आहे. नॅचरल हिस्टरी टूर ही छोटी फेरी, साधारण ३०व्या मैलापर्यंत जाते. टुंड्रा वाइल्डरनेस टूर रस्ता उघडा असेल तिथपर्यंत जाते, आम्ही गेलो तेव्हा ४३व्या मैलापर्यंत. मधल्या तेरा मैलांत सेबल पास येतो. अस्वलांचा वावर इतका, की तिथे रस्ता सोडून पायी फिरायलाच बंदी आहे. पॅकेजमध्ये बहुधा छोटी फेरी असते आणि जादा पैसे भरून मोठी घेता येते. ते पैसे जरूर भरा. एखादं जेवण कमी करा, पण हे करा.

तिसरा पर्याय आम्ही घेतला. तिथल्याच एका लहान कंपनीची, डझनभर माणसांच्या आतली वाटाड्यासह सहल, आणि तिच्या शेवटच्या दिवसाला जुळणारं जहाज वेगळं बुक केलं. इथे सामान आपलं आपण गाडीत चढवायचं, मुक्काम साधे, मराठी बोलणारं कोणी नाही. दाजींचा सुरुवातीला विरोध होता. "गुडघा दुखायला लागला तर त्या इंग्रजाला काय सांगू गं?" असं म्हणाले. पण आमची वाटाडी मुलगी जीवशास्त्र शिकलेली होती, आणि पहिल्याच दिवशी तिने प्रत्येकाला किती चालवतं, औषधं कोणती, काय खाता, हे बसून विचारून घेतलं. लहान गटाचा फायदा हाच. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं हे घड्याळावर ठरत नाही. सॅव्हेज नदीकाठच्या सोप्या पायवाटेवर तिने आम्हाला खाली बसवून विलोच्या झुडपाचा शेंडा दाखवला. मूसने, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणाने, खुडलेली टोकं चिरगुटासारखी फाटलेली असतात, कारण त्याला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. सशाने खाल्लेली फांदी मात्र तिरकी, सुरीने कापल्यासारखी स्वच्छ तुटलेली. ताई वनस्पतीशास्त्र शिकवायची, ती तिथून उठायलाच तयार होईना.

लहान कंपनी निवडताना वाटाड्याचं शिक्षण काय, रानातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का, गटात जास्तीत जास्त किती माणसं घेता, आणि उद्यानातली बसफेरी तुमच्या पैशात आहे की वेगळी, हे विचारा. उद्यानाच्या बसचं पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग डिसेंबरात सुरू होतं. जुलै-ऑगस्टच्या सकाळच्या फेऱ्या आधी भरतात.

आमची मोठी फेरी पाच-साडेपाच तासांची झाली. सकाळची लवकरची घ्या. चालक हाच माहितीगार असतो, पण शोधायचं काम सगळ्या बसचं. कोणाला काही दिसलं की "थांबा" म्हणून ओरडायचं, तो कडेला घेतो. टेकलानिका नदीपाशी स्वच्छतागृहाचा थांबा आहे. रस्त्यात खायला काहीही विकत मिळत नाही. बसमध्ये एक लहानशी खाऊची पिशवी देतात, ती आपल्याला पुरत नाही. आमचे दशम्या आणि चिवडा तिथे कामी आले. मायणीचे पक्षी बघायला घेतलेली दुर्बीण नेली होती, ती चौघांत पुरली नाही. जोडप्यामागे एक तरी न्या.

सेबल पासच्या अलीकडे एक मादी अस्वल आणि तिचं मोठं झालेलं पिल्लू दिसलं, रस्त्यापासून शंभरेक मीटरवर. ग्रिझली म्हटल्यावर काळंभोर काहीतरी डोळ्यांपुढे येतं, पण इथली अस्वलं फिकट असतात, हिचा रंग तर थेट उसाच्या पाचटासारखा. झुडपांवरच्या बेरी खाणं चाललं होतं. फांदी तोंडात धरून मान बाजूला ओढायची, बेरी आत आणि फांदी बाहेर. बसमध्ये चिडीचूप. हिवाळ्याच्या झोपेआधी त्यांना दिवसभर खावंच लागतं, म्हणून ऑगस्टअखेर ती अशी उघड्यावर सापडतात. त्यांनी मान वर करून एकदाही बसकडे पाहिलं नाही. पायी असाल तर अस्वलापासून ३०० यार्ड, म्हणजे पावणेतीनशे मीटर, लांब राहायचा नियम आहे. तो प्रवेशद्वारापाशीच समजावून सांगतात.

पर्वताबद्दल एक सांगते. ६,१९० मीटरचा, उत्तर अमेरिकेतला सर्वात उंच. २०२५पासून अमेरिकी सरकारी नकाशात त्याचं नाव पुन्हा माउंट मॅकिन्ली आहे, उद्यानाचं नाव डेनालीच, त्यामुळे दोन्ही नावं दिसली तर घोटाळा करून घेऊ नका. तो ढगात असतो. साधारण तीन दिवसांतून एकदाच दिसतो असं धरून चाला. जास्त रात्री मागायचं हे आणखी एक कारण. आम्हाला तो परतताना, हायवेवरच्या दक्षिणेकडच्या दर्शनस्थळावरून मिळाला. अर्धं आभाळ त्यानेच भरलं होतं, आणि हे तर बराच वेळ टोपी हातात घेऊन उभे होते.

आधी जमीन की आधी जहाज? माझं मत स्पष्ट आहे, आधी जमीन. रानात पहाटे उठावं लागतं, कपडे भिजतात, पाय दुखतात. ते ताज्या अंगाने करावं आणि मग जहाजावर आठवडाभर विश्रांती घ्यावी. मात्र अलास्का आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतेरा तास मागे आहे. अँकरेजला उतरल्यावर निदान दोन रात्री नुसत्या झोपेसाठी ठेवा, नाहीतर बसमध्ये अस्वल समोर असताना डोळे मिटतील.

दक्षिणेकडे येणारं जहाज सूअर्ड किंवा व्हिटियरहून सुटतं आणि कॅनडातल्या व्हँकूव्हरला संपतं. व्हिटियर असेल तर वाटेत चार किलोमीटरचा एकपदरी बोगदा आहे. त्यातून आगगाडी आणि मोटारी आळीपाळीने सोडतात, वेळ चुकली की थांबावं लागतं. आमचं सूअर्ड होतं. तिथे एक दिवस आधी पोचा आणि एक्झिट ग्लेशियरला जा. हिमनदी कोणत्या साली कुठवर होती याच्या पाट्या वाटेवर रोवल्या आहेत. १९५१च्या पाटीपाशी दाजी थांबले, त्यांचं जन्मसाल. तिथून बर्फाकडे बघत म्हणाले, "माझ्या एका आयुष्यात एवढं मागं गेलं?" बर्फ अजून बराच लांब होता.

जहाज निवडताना मी एकच गोष्ट पाहिली, ते ग्लेशियर बेमध्ये शिरतं का. त्या उपसागरात एका दिवशी दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी असते, त्यामुळे प्रत्येक फेरीत ते नसतं. काही जहाजं हबर्ड ग्लेशियरला नेतात, तेही भव्य आहे. ग्लेशियर बेमध्ये उद्यानाचे रेंजर होडीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज उभं राहिलं, कड्याचा तुकडा सुटताना आधी दिसला आणि गडगडाट नंतर आला. बाल्कनीच्या खोलीचा आग्रह धरू नका, त्या दिवशी सगळे वरच्या डेकवरच असतात. वाचलेले पैसे जमिनीकडे वळवा. जूनो, स्कॅगवे, केचिकन ही बंदरं चांगली आहेत. केचिकनला पाऊस धो धो, महाबळेश्वरची सवय असलेल्यांना काही वाटणार नाही.

व्हिसा दोन लागतात, अमेरिकेचा आणि कॅनडाचा. सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या जहाजालाही कॅनडाचा चुकत नाही. १८८६चा एक अमेरिकी कायदा आहे, त्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला अशा फेरीत परदेशी बंदर घ्यावंच लागतं आणि ते बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला फार वेळ लागतो, तेव्हा सगळ्यात आधी ते काम. बाकी बुकिंग रद्द करता येईल अशाच अटीवर करा. विम्यात रानातून उचलून रुग्णालयात नेण्याचा खर्च धरला आहे का ते वाचा, तिथे रुग्णालयं शेकडो किलोमीटरवर असतात.

ऋतूचं म्हणाल तर मेअखेर ते सप्टेंबरचा मध्य. जून-जुलैत उजेड जवळजवळ रात्रभर, पण डासही तितकेच, तोंडावर घ्यायची जाळी लागते. ऑगस्टअखेर डास ओसरतात, टुंड्रा, म्हणजे तिथलं बिनझाडांचं खुरट्या झुडपांचं माळरान, लाल-पिवळं होतं, रात्री काळोख पडू लागल्याने उत्तरेकडे ध्रुवीय प्रकाशाची शक्यताही असते. काही लॉजमध्ये नाव लिहून ठेवलं तर रात्री उठवतात. पाऊस दोन्ही वेळी असतो. जलरोधक जाकीट आणि पँट, आत लोकरीचा थर, आणि वापरून मऊ झालेले बूट न्या. आम्ही निघण्याआधी उन्हाळाभर अजिंक्यतारा चढलो होतो, दाजी सांगलीहून आले की तेही. गुडघ्याने शेवटपर्यंत साथ दिली.

शाकाहाऱ्यांची जहाजावर चंगळ आहे, रानात भात, बीन्स आणि पाव. मेतकूट, कोरड्या चटण्या, गुळपापडी जरूर न्या, पण अमेरिकेत उतरताना कस्टमच्या चौकशीत खाद्यपदार्थ आहेत असं सांगा. सांगितलं तर पिशवी बघून सोडतात, लपवलं तर दंड. ताजी फळं-भाज्या आणि मांसाचं काही घेऊ नका. जहाजावर रोजची टिप बिलात वेगळी लागते, ती आधीच हिशोबात धरा. आणि व्हँकूव्हरला जहाज सकाळी लागलं तरी उतरायला, सामान मिळायला अर्धा दिवस जातो. परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या, जमलं तर दुसऱ्या दिवशीचं.