वहीतला चौथा रकाना

"कुणीतरी माझा लॅपटॉप चालवतंय," पिशवी टेबलावर ठेवता ठेवताच काका म्हणाले. "आणि गेल्या महिन्यापासून टॅबसुद्धा."

दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्याला हे वाक्य काही नवं नाही. अधूनमधून कुणी ना कुणी हॅकर घेऊन येतंच. तपासल्यावर तो हॅकर म्हणजे अडकलेलं बटण निघतं, नाहीतर कपाटात विसरलेला आणि अजून जोडलेला वायरलेस माऊस. त्यामुळे मी चेहरा सरळ ठेवून "बघू या" म्हटलं. पण काकांनी लॅपटॉपच्या आधी एक वही बाहेर काढली. दोनशे पानी, पट्टीने आखलेली. चार रकाने: तारीख, वेळ, काय झालं, घरात कोण. सव्वादोन महिन्यांच्या नोंदी. "दु. ३.१०. बाण आपोआप उजवीकडे. दोन क्लिक. फाईल उघडली." "दु. ४.२५. लिहिताना कर्सर तीन ओळी वर." चौथ्या रकान्यात बहुतेक ओळींना एकच शब्द होता. नातू.

काका निवृत्त गणित शिक्षक. नातू शिकायला बाहेरगावी होता तेव्हा त्याने आजोबांना मदत करता यावी म्हणून लॅपटॉपवर दूरवरून चालवायचं ॲप टाकून दिलं होतं, पासवर्डही त्यानेच ठरवलेला. आता तो घरी परतलाय, आणि तो आल्यावर काही दिवसांतच हे सगळं सुरू झालं. काकांनी हे सांगितलं ते खालच्या आवाजात, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना हे बघत. दोघांचं बोलणं बंद झालेलं होतं.

लॅपटॉप चालू केला आणि स्क्रीन जागी व्हायलाच चार मिनिटं गेली. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपची यादी उघडली तर एकतीस नावं. दोन अँटीव्हायरस, दोन्ही एकाच वेळी पहाऱ्यावर. एक ड्रायव्हर अपडेटर, एक रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठतात ती) साफ करणारं, एक रॅम मोकळी करणारं, एक "प्रायव्हसी शील्ड". सगळ्यांचं चिन्ह ढाल नाहीतर झाडू. उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी पाटी उगवायची: तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले. काकांनी प्रत्येक भीतीला एक औषध घेतलं होतं, आणि त्यातल्या दोन औषधांचे पैसेही भरले होते.

पाटीचं कोडं लगेच सुटलं. ती अँटीव्हायरसची नव्हतीच. कुठल्याशा साइटने "तुम्ही रोबॉट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा" असं सांगितलं, काकांनी दाबलं, आणि ब्राउझरने त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची मुभा दिली. मग ती साइट विंडोजच्या कोपऱ्यात, विंडोजच्याच थाटात खोट्या पाट्या लावत बसली. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइटच्या परवानग्या, त्यात नोटिफिकेशन्स, तिथून चार अनोळखी पत्ते काढले. पाट्या बंद.

"म्हणजे व्हायरस नव्हते?"

"पाट्या होत्या, काका. व्हायरस नव्हते."

इथवर मी स्वतःवर खूश होतो, आणि पुढचा दीड तास मी जो वाया घालवला तो याच खुशीत. दूरवरून चालवायच्या त्या ॲपची नोंदवही उघडली. अशी बहुतेक ॲपं कोण कधी जोडलं गेलं हे एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवतात. शेवटची जोडणी चार महिन्यांपूर्वीची. काकांची वही सुरू होते सव्वादोन महिन्यांपूर्वी. म्हणजे निदान या दाराने तरी नातू आलेला नव्हता. मी ती फाईल काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचली आणि म्हणाले, "दुसरं दार असेल."

मलाही तसंच वाटलं, हे कबूल करायला हवं. ऑटोरन्स नावाचं टूल लावून विंडोजबरोबर सुरू होणारी एकूण एक गोष्ट तपासली. विंडोजच्याच डिफेंडर या अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन लावलं, म्हणजे विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच जे तपासतं ते. काही नाही. मग सफाईवाल्यांची सफाई काढली. रजिस्ट्री क्लीनर काढताना अनइन्स्टॉल दाबलं, "नक्की काढायचं का?" अशी खिडकी आली, मी हात मागे घेतला, आणि बाण स्वतःहून डावीकडून उजवीकडे सरकला आणि त्याने कॅन्सल दाबलं.

"बघा!" काका खुर्चीतून उठलेच.

पंधरा वर्षं हे काम करतोय, पण त्या क्षणी मानेवर काटा आला. झाडूला स्वतःला काढू द्यायचं नव्हतं, असंच वाटलं.

अशा वेळी करायची गोष्ट सोपी असते, आणि ती मी दीड तास आधीच करायला हवी होती. पेन ड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम होती, त्यावरून लॅपटॉप सुरू केला. आता यात विंडोज नाही, काकांची एकतीस नावं नाहीत, नेटही जोडलेलं नाही. कोरी स्क्रीन, मधोमध बाण. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. तीन मिनिटांनी बाण थरथरला आणि एक रिकामा मेनू उघडला.

म्हणजे सॉफ्टवेअरचा काही संबंधच नव्हता. काकांनी सव्वादोन महिने आणि मी दीड तास चुकीच्या घरात चोर शोधत होतो.

मग मी जे सुरुवातीलाच करायचं ते केलं: लॅपटॉप बंद करून त्याच्याकडे नुसतं बघितलं. झाकण मिटल्यावर पुढे बारीकशी फट राहत होती. सपाट टेबलावर एका कोपऱ्याला बोट लावलं तर तो डुगडुगत होता. टचपॅडची खालची कड इतकी वर आली होती की तिच्याखाली नख जात होतं. तळाचे स्क्रू काढायला घेतले. शेवटचा सुटला आणि झाकण 'टक्' करून आपणहून वर आलं, कुणीतरी आतून ढकलल्यासारखं. ढकलतच होती ती. बॅटरी. रुपेरी पापुद्र्यातल्या तीन पिशव्यांपैकी मधली उशीसारखी फुगलेली, नेमकी टचपॅडच्या खाली.

लिथियमच्या सेलमध्ये वय आणि उष्णतेने रासायनिक बिघाड होतो, आत वायू तयार होतो आणि तो बंद पिशवीत साठत जातो. लॅपटॉप तापला की फुगवटा थोडा वाढतो, टचपॅड खालून दाबला जातो, आणि टचपॅडला काय, दाब वरून आला की खालून हे थोडंच कळतं? तो क्लिक देऊन मोकळा. वहीतल्या लॅपटॉपच्या नोंदी परत वाचल्या. जवळजवळ सगळ्या दुपारच्या, सकाळपासून चार्जरला लावून दोन-तीन तास काम झाल्यानंतरच्या. उत्तर काकांनीच लिहून आणलं होतं, फक्त दुसरा रकाना सोडून सगळे चौथ्याकडे बघत होते. त्यात मीही आलो.

बॅटरी काढताना घाई केली नाही. आधी तिची जोडणी सोडवली, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचलली. धातूचं टोक फुगलेल्या सेलला लागलं आणि तो फुटला तर आग लागते, आणि ती आग सहज विझत नाही. दाबून "बसवायचा" प्रयत्न तर कधीच करायचा नाही. मी एकाला तळाला जाड पट्टी गुंडाळून वर्षभर वापरताना पाहिलंय, आणि अजून त्या आठवणीने पोटात गोळा येतो. वाळूच्या डब्यात ठेवून ती ई-कचऱ्यात द्यायला बाजूला काढली. लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालू केला. टचपॅड सपाट. अर्धा तास बाण जागचा हलला नाही.

मग विंडोजकडून बॅटरीचा अहवाल काढला. पॉवरसीएफजी ही आज्ञा विंडोजमध्येच असते, कुठलंही ॲप लागत नाही. जुन्या नोंदी होत्याच: मूळ क्षमता ४२,००० मिलिवॅट-तास, शेवटची पूर्ण चार्जची नोंद २३,९०० ची. फुगवटा मात्र कुठल्याच अहवालात दिसत नाही, तो डोळ्यांनीच बघावा लागतो. आणि एक टोचणारी गोष्ट. लॅपटॉप कायम चार्जरला लावून ठेवणाऱ्यांसाठी चार्ज ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय बऱ्याच कंपन्या देतात, ती त्यांच्या स्वतःच्या ॲपमधून चालू करायची असते. काकांच्या लॅपटॉपवर ते ॲप नव्हतं. "निळं चिन्ह होतं ना?" ते म्हणाले. "त्या झाडूवाल्याने अनावश्यक म्हणून दाखवलं, मी काढून टाकलं."

आता राहिला टॅब. वहीत त्याच्या नोंदी वेगळ्याच वेळेच्या, रात्री दहानंतरच्या. रात्री काय करता विचारलं तर म्हणाले, चार्जिंगला लावतो आणि पडल्या पडल्या वाचतो. चार्जर मूळचा नव्हता. मूळचा बिघडल्यावर घरातल्या एका खोक्यात सापडलेला, ज्याच्यावर काही छापलेलंही नाही असा. तो पिशवीत होताच. टॅबच्या माहितीच्या पानावर बिल्ड नंबरला सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय उघडतात. त्यात 'पॉइंटर लोकेशन' चालू केलं की स्क्रीनला जिथे जिथे स्पर्श जाणवतो तिथे रेघ उमटते. बोट लावून दाखवलं, बोटाची रेघ. मग बोट उचलून काकांचा चार्जर लावला.

स्क्रीनवर कोळ्याने जाळं विणावं तशा रेघा उमटायला लागल्या. कुणी हात लावलेला नव्हता. चार्जर काढला, थांबल्या. माझा चार्जर लावला, एकही नाही. परत त्यांचा लावला, परत जाळं.

स्पर्शाची स्क्रीन बोटामुळे होणारा विद्युतधारितेतला अगदी सूक्ष्म बदल मोजत असते. हलक्या चार्जरमध्ये गाळणी धड नसते, तो केबलमधून विजेचा गोंगाट आत सोडतो, आणि स्क्रीन त्या गोंगाटालाच बोट समजते. काकांनी तीनदा स्वतः चार्जर लावून-काढून बघितला. चौथ्यांदा लावताना ते हसत होते. गणिताच्या माणसाला ताळा जुळला की होतं तसं.

जेवणाची वेळ टळून गेली होती तरी ते उठायला तयार नव्हते. "आता यात चांगलं काय टाकू ते सांगा," म्हणाले. मी उलट विचारलं, तुम्ही यावर करता काय? पीडीएफ वाचतात, गणितावर लेख लिहितात, मुलीशी व्हिडिओवर बोलतात, जुने फोटो बघतात. बस्स. मग पहाऱ्याला विंडोजचा डिफेंडर एकटा ठेवला. दुसरा अँटीव्हायरस आला की तो आपणहून बाजूला होतो, त्यामुळे इतके महिने तो बिचारा गप्प होता. वाचायला सुमात्रा पीडीएफ, इतकं हलकं की उघडलेलं कळतही नाही. लिहायला लिब्रे ऑफिस, चित्रफितींना व्हीएलसी. ब्राउझर फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन, म्हणजे त्या "अलाऊ दाबा" छापाच्या बऱ्याच जाहिराती समोरच येणार नाहीत. सगळं फुकट. जागा कुणी खाल्ली ते बघायला विझट्री. हे एक काका स्वतःहून वापरतील असं वाटलं, कारण ते काही साफ करतो म्हणत नाही, नुसतं दाखवतं.

"आणि सफाईला?"

सफाईला काही नाही. रजिस्ट्री साफ करून लॅपटॉप वेगवान झालेला मी तरी पाहिला नाही, बिघडलेले पाहिलेत. तात्पुरत्या फायलींसाठी विंडोजचं स्टोरेज सेन्स पुरतं. २०१७ मध्ये तर सीक्लीनरसारख्या नावाजलेल्या सफाईच्या प्रोग्रॅममध्येच, त्याच्या ५.३३ या आवृत्तीत, कुणीतरी घातक कोड घुसवला होता आणि तो अधिकृत डाउनलोडमधूनच लाखो संगणकांवर गेला होता. काकांनी हे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

खरी काळजी करावी अशी गोष्ट या सगळ्या गोंधळात कुणाच्या लक्षातच आली नव्हती. लॅपटॉपवर विंडोज १० होतं, आणि त्याचा नेहमीचा सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारा सुरक्षेचा भाग) लागतं. ते या लॅपटॉपमध्ये होतं, फक्त बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद. चालू केलं आणि नवी बॅटरी आली की वर चढवायचं ठरवलं.

संध्याकाळी नातू न्यायला आला. सतरा-अठराचा, दाराशीच उभा राहिला. काकांनी त्याला हाक मारली नाही, मला म्हणाले, "ती फाईल परत उघडा." जोडण्यांची ती यादी. मुलगा वाकून वाचू लागला. मी डब्यातली फुगलेली बॅटरी दाखवली, टॅबवरचं जाळं दाखवलं. तो काहीच बोलला नाही. ते जुनं ॲप काढायला मात्र त्याने स्वतःच सांगितलं, आणि गरज पडली तर विंडोजमधलं क्विक असिस्ट वापरू म्हणाला, ज्यात दर वेळी आजोबांनी स्वतः होकार दिल्याशिवाय काही दिसत नाही.

काकांनी माझ्याकडून पेन घेतलं. वही उघडली, पट्टी नव्हती म्हणून माझ्या टेबलावरची प्लॅस्टिकची पट्टी घेतली, आणि चौथा रकाना वरपासून खालपर्यंत एका रेघेत कापायला सुरुवात केली. पान, मग पुढचं पान. मुलगा आता खुर्चीच्या मागे येऊन उभा होता. एका पानावर त्याने बोट ठेवलं.

"आजोबा, या मंगळवारी तर मी घरी नव्हतोच."

"माहीत आहे," काका म्हणाले आणि पट्टी खाली सरकवली. "तरी लिहिलं."