ब्याण्णव दिवसांचं निळं कार्ड

माझे बाबा नागपूरला अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर होते. जेवताना त्यांचं बोलणं शेडचंच असायचं. कोणतं इंजिन आयएला आलं, कोणतं आयसीला (ही ठरलेल्या तपासण्यांची नावं), लोको पायलटनं लॉगबुकात काय बुक केलं होतं. डिप्लोमा झाल्यावर मला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. काम होतं अमेरिकेतल्या एका छोट्या रेल्वेच्या इंजिनांचे तपासणी-कागद पडताळायचं. घरात सगळ्यात जास्त आनंद बाबांनाच झाला. "तिकडचं शेड्यूल किती दिवसांचं असते, ते मला सांगशील," एवढंच ते म्हणाले.

ते सांगण्याइतकं मला कळायला तीन आठवडे लागले. पहिलं मोठं काम मार्चअखेरीस आलं. १४ इंजिनं, त्यांच्या कॅबमधल्या तपासणी-कार्डांच्या प्रती आणि गेल्या तीन महिन्यांचे रोजचे तपासणी अहवाल. त्या रेल्वेचं ऑडिट होणार होतं. त्याआधी कुठे काय राहिलंय ते आम्ही शोधून द्यायचं होतं.

अमेरिकेत इंजिनाच्या तपासणीचा कायदा १९११ चा आहे. तेव्हा तो फक्त वाफेच्या बॉयलरसाठी होता, कारण बॉयलर फुटून माणसं मरत होती. १९१५ मध्ये तो अख्ख्या इंजिनाला लागू झाला. आजचे नियम फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन या तिथल्या सरकारी खात्याचे आहेत, आणि त्यात ९२ हा आकडा पुन्हापुन्हा येतो. दोन नियतकालिक तपासण्यांमध्ये ९२ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. स्वतःच्या बिघाडावर नजर ठेवणारी आधुनिक संगणकीय यंत्रणा असलेल्या इंजिनांना १८४ दिवस मिळतात. वार्षिक चाचणीला ३६८. ब्रेकच्या काही कामांना १,१०४, १,४७२ किंवा १,८४०, जशी ब्रेकची जात असेल तसं. सगळे ९२ च्या पाढ्यातले. मी सुरुवातीला ९२ दिवस म्हणजे 'तीन महिने' असं मनात धरत होते. कोणतेही सलग तीन महिने घ्या, ते ९२ च्या वर जात नाहीत, त्यामुळे धोका नव्हता. पण चार तपासण्यांच्या तारखा अशा अंदाजानं मांडल्या की तक्ता जुळेना. शेवटी दिवस मोजूनच तक्ता केला.

या तपासणीची नोंद एफ ६१८०-४९ए या फॉर्मवर होते. फॉर्म निळा असतो, म्हणून तिकडे सगळे त्याला ब्लू कार्डच म्हणतात. ते कॅबमध्ये पारदर्शक आवरणाखाली, सहज दिसेल अशा जागी लावलेलं असतं. मेकॅनिकल अधिकाऱ्याच्या ऑफिसात त्याच माहितीची दुसरी नोंद ठेवावी लागते. कार्ड हरवलं किंवा खराब झालं तर त्या नोंदीवरून नवं करता येतं. बाबांना ही पद्धत फार आवडली. इंजिनात चढणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी तारीख वाचता येते, हे त्यांना पटलं.

रोजच्या अहवालांनी मात्र माझी झोप घालवली. वापरात असलेल्या प्रत्येक इंजिनाची दर तारखेला किमान एकदा तपासणी झालीच पाहिजे. अहवालावर रेल्वेचं नाव, इंजिनाचा क्रमांक, जागा, तारीख, वेळ, आढळलेले दोष आणि तपासणाऱ्याची सही लागते. दोष दुरुस्त केला तर दुरुस्त करणाऱ्याचीही सही लागते. हे अहवाल ९२ दिवस जपायचे असतात. आमच्या तक्त्यात एकाच इंजिनाच्या एका बुधवारी दोन तपासण्या दिसत होत्या आणि मंगळवारी एकही नाही. असं नऊ ठिकाणी. मी घाबरून सगळ्यांवर लाल खूण केली.

रात्री दोनच्या सुमारास लक्षात आलं. आमची सिस्टिम स्कॅन आल्याची वेळ भारतीय घड्याळानं नोंदवत होती आणि तक्ता तीच तारीख उचलत होता. ती रेल्वे आहे अमेरिकेच्या मध्य भागात. तिथे त्या दिवसांत मंगळवारी संध्याकाळी सहा वाजले की नागपुरात बुधवारची पहाटेची साडेचार. मग बुधवारी सकाळी सहाची तपासणी इथे बुधवारीच दुपारी साडेचारला पडायची. मंगळवार तिकडे रिकामा नव्हताच. मी कागदावर हातानं लिहिलेली तारीख-वेळ घेऊन तक्ता पुन्हा केला. नऊपैकी सात खुणा गेल्या. उरलेल्या दोन तारखांना ती इंजिनं उभीच होती, म्हणजे तपासणी लागू नव्हती.

एक कागद उरला. त्यावर दोष लिहिला होता: सँडरमधून वाळू पडत नाही. चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू सोडणारी ती नळी. खाली दुरुस्तीची जागा कोरी. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात दोष नाही, म्हणजे काम झालं असणार. तक्त्यात 'दुरुस्त' लिहून पुढे जायचा मोह मला झाला. सकाळी घरी येऊन बाबांना विचारलं.

"ज्यानं सही केली त्यानं वाळू पडताना पाहिलेली पाहिजे बेटा," ते म्हणाले. "तू नागपुरात बसून कशी पाहून राहिली?"

मी तसंच कळवलं: दोष नोंदलेला, दुरुस्तीची सही नाही. तिकडच्या माणसांनी मूळ कागदाला हात लावला नाही. काम करणाऱ्या मेकॅनिकनं वेगळी चिठ्ठी लिहून, ज्या दिवशी लिहिली त्याच दिवसाची तारीख टाकून, ती जोडली. मागची तारीख घालून सही केली असती तर कोणाला कळलंही नसतं. त्यांनी तसं केलं नाही, म्हणून त्या माणसांबद्दल मला आजही आदर वाटतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ८ एप्रिलला सापडली. इंजिन सलग ३० किंवा जास्त दिवस वापराबाहेर असेल तर कार्डावर तशी नोंद करून तेवढे दिवस मुदतीत वाढवता येतात. एका इंजिनाच्या तपासणीला १२० दिवस झाले होते, पण ते मध्ये ४१ दिवस उभं होतं आणि कार्डावर तशी ओळ होती. म्हणजे मोजायचे ७९. ठीक. दुसऱ्याची तपासणी १० जानेवारीची. तिथल्या कोणीतरी पुढची मुदत १० मे धरली होती, कारण इंजिन ३ फेब्रुवारी ते २ मार्च उभं होतं. मी बोटांवर मोजले, मग कॅलेंडरवर मोजले. २८ दिवस. तिसाला दोन कमी, म्हणून एकही दिवस मिळत नव्हता. खरी मुदत १२ एप्रिल, म्हणजे चार दिवसांवर.

मेलवर विसंबले नाही, फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, तारखा माझ्याकडून दोनदा वदवून घेतल्या आणि म्हणाल्या, इंजिन उद्याच तपासणीच्या पिटवर घेते.

प्रत्यक्षात दोन दिवस जास्त लागले. तपासणीची नवी ओळ असलेली कार्डाची प्रत आली तेव्हा मी ऑफिसातच होते, घड्याळात पहाटेचे साडेचार. खाली तपासणाऱ्याची आणि सुपरवायझरची सही. सिस्टिम सांगत होती १२ एप्रिल. मी तक्त्यात कार्डावरची तारीख लिहिली, ११.