पाटाची नोंद दिराच्या फेरफारात

भूसंपादनाच्या मोबदल्यात सावत्र चुलत्यांनी आडकाठी घातली, "तुमची आजी ठेवलेली होती, लग्नाचा दाखला दाखवा." हिंगणघाटकडचं हे कुटुंब आधी ग्रामपंचायतीत गेलं. तिथं काय मिळणार? आज नोंदणी करायची तर नवरा-बायको दोघंही समोर लागतात. जुनं लग्न म्हटलं की लोक कोतवाल बुकाकडे धावतात, पण त्यात जन्म आणि मृत्यू असतात, लग्न नसतं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही नोंदणी नाही म्हणून लग्न रद्द होत नाही, हे सांगायला वकील बरेचदा विसरतात.

त्यात आजीचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. पत्रिका नाही, वाजंत्री नाही, रात्री चार माणसांत उरकलेला.

मी लग्न शोधायचं सोडलं आणि आजीच्या पहिल्या नवऱ्याचं वावर शोधायला घेतलं. कारण 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचं कलम 2. विधवेनं दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा तिचा हक्क संपायचा. म्हणजे तिचा पाट लागला हे कागदावर आणायची सगळ्यात जास्त घाई कोणाला? दिराला.

पहिल्या सासरच्या मौजाचं कोतवाल बुक काढलं, नवऱ्याच्या मृत्यूचं साल मिळालं, 1949. तिथून पुढची फेरफार पंजी, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंदवही, पानोपान पाहिली. इथंच बहुतेकांची फसगत होते. आजचा भूमापन क्रमांक घेऊन जुन्या पंजीत शोधतात, आणि जुना खसरा नंबर वेगळाच असतो. भूमी अभिलेखातून दोन्हींचा मेळ आधी घ्यावा. नाव आजीचं नाही, मयत नवऱ्याचं धरावं.

1952 च्या पानावर नोंद निघाली. विधवेनं पाट लावला, सबब नाव कमी, दिराचं दाखल. शेऱ्यात दुसऱ्या नवऱ्याचं नाव आणि गावही. पटवाऱ्यानं गाव लिहिलं नसतं, तर ही बाई तीच हे सिद्ध करणं अवघड गेलं असतं.

झेरॉक्स कोर्टात टिकत नाही, म्हणून प्रमाणित नक्कल घेतली. सोबत थोरल्या मुलाचा शाळेचा दाखल-खारीज उतारा आणि आजीच्या मृत्यूची नोंद जोडली. दोन्हींत दुसऱ्या नवऱ्याचंच नाव.

समोरच्या वकिलानं एकच खोट काढली. तारीख फेरफाराची आहे, पाटाची नाही. बरोबर होतं त्यांचं. पण थोरला मुलगा 1954 चा.