चुंबकी जिवाणू, नोंद ७: मार्चचा फोटो मागे घेतेय, आणि शेवटी खरा यू-टर्न

चुंबकी जिवाणू म्हणजे अंगातल्या चुंबकी कणांमुळे चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत पोहणारे चिखलातले जिवाणू. मी ते घरी, बरणीत भरून ठेवलेल्या गाळात शोधतेय. आधी चूक सांगते. मार्चमधल्या नोंद ५ मध्ये पुण्यातल्या पाषाण तलावाच्या बरणीतल्या थेंबाचा फोटो टाकला होता. थेंबाच्या कडेला दाट काळपट पट्टा होता, आणि मी खाली लिहिलं होतं, "उत्तरगामी, हजारोंनी", म्हणजे होकायंत्राचं उत्तर टोक दाखवतं तिकडे पोहणारे जिवाणू. ते जिवाणू नव्हते. निदान बहुतेक तरी नव्हते. तो फोटो मी मागे घेतेय. त्यावरून कुणी आपल्या बरणीचा अंदाज बांधला असेल तर तोही सोडून द्या.

हे कळलं उकळण्यामुळे. त्याच बरणीतला चमचाभर गाळ परीक्षानळीत घेतला, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं धरला, गार केला आणि नेहमीसारखा थेंब लावून शेजारी निओडिमियमचं जोरदार चुंबक ठेवलं. काही जिवंत राहण्याचा प्रश्नच नव्हता. वीस मिनिटांनी पाहिलं तर कडेला तोच पट्टा, तितकाच दाट. मग चुंबक उलटं करून ठेवलं. जिवंत जिवाणू असते तर ते चुंबकापासून उलट्या दिशेला, समोरच्या कडेला निघाले असते. पट्टा जागचा हलला नाही, कारण धुळीला ध्रुवाशी देणंघेणं नसतं. चुंबक जवळ आहे एवढंच तिला पुरतं. मार्चमध्ये मी एकदाही चुंबक फिरवून पाहिलं नव्हतं.

ही धूळ कसली ते आपल्याकडच्या कुणाला वेगळं सांगायला नको. दख्खनच्या काळ्या दगडात टायटॅनियममिश्रित मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज, भरपूर असतं. दगड झिजतो, ओढ्यातून तलावात येतो आणि प्रत्येक चिमूट गाळात हे कण उतरतात. पाषाणचा वाळलेला गाळ कागदावर पसरून खालून चुंबक फिरवलं तर काळे केस उभे राहिल्यासारखे दिसतात. युरोपातले हौशी लोक "बरणी भरा, चुंबक लावा, कड पाहा" म्हणतात तेव्हा त्यांच्या चिखलात हा पाहुणा एवढ्या संख्येने नसावा. आपल्याकडे ती कृती जशीच्या तशी चालत नाही.

मूळ अडचण अशी की चुंबक दोन कामं एकदम करतं. ते कण वळवतं आणि खेचतंही. वळवायला नुसतं क्षेत्र पुरतं, पण खेचायला क्षेत्र एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असावं लागतं, आणि चुंबकाजवळ ते तसं असतंच. क्षेत्र सगळीकडे सारखं केलं तर धूळ जागच्या जागी वळेल पण सरकणार नाही. जिवाणूला मात्र ओढायची गरजच नसते. त्याच्या अंगातली मॅग्नेटोसोमांची, म्हणजे चुंबकी कणांची, माळ त्याला क्षेत्राच्या रेषेत धरते आणि पुढे तो स्वतःच्या कशाभिकेने, म्हणजे शेपटीसारख्या धाग्याने, पोहतो. म्हणजे सारख्या क्षेत्रात जे सरकतं ते जिवंत.

हे उमगलं त्या रात्री झोप लागली नाही. धूळ वेगळी करण्यासाठी गाळ चाळण्याच्या, जड द्रवात धूळ बुडवण्याच्या सगळ्या योजना बाजूला ठेवल्या. नोंद ६ मधली खरेदीची यादीही विसरा.

हेल्महोल्ट्झ कड्या, म्हणजे मधल्या जागेत जवळजवळ सारखं क्षेत्र देणारी तारेच्या वेढ्यांची जोडी, घरीच केल्या. नळवाल्या काकांकडून २०० मिलिमीटर पीव्हीसी पाइपाचे दोन काप मिळाले. तापकीर गल्लीतून २६ गेजची वाइंडिंग वायर आणली. दुकानदाराने गुंडाळीचं टोक खरवडून एनॅमल दाखवलं आणि मगच वजन केलं. असा माणूस भेटला की पुढची सगळी वायर त्याच्याकडूनच. प्रत्येक कडीवर १०० वेढे, दोन्हींमध्ये त्रिज्येइतकं, म्हणजे १० सेंटिमीटर अंतर, जोडणी एकापुढे एक. रोध भरला १३ ओहम, त्यामुळे जुन्या पाच व्होल्टच्या मोबाइल चार्जरवरच काम भागलं. मधोमध साधारण ३४० मायक्रोटेस्ला, पृथ्वीच्या इथल्या क्षेत्राच्या सात-आठ पट. दिशा पालटायला डीपीडीटी स्विच. कड्या दोन्ही बाजूंनी सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजवर, म्हणजे स्लाइड ठेवायच्या फळीवर, चढवल्या. स्टेज आरपार जातं, काही कापावं लागलं नाही.

आणि तरी दोन आठवडे काहीच दिसलं नाही.

पहिला आठवडा क्लिपांनी खाल्ला. प्रवाह बंद असताना स्टेजवर होकायंत्र ठेवलं तर सुई उत्तरेऐवजी स्लाइडच्या क्लिपेकडे बघत होती. पोलादी क्लिपा, आणि चार महिने मी त्यांच्या शेजारी निओडिमियम ठेवत होते! क्लिपा काढल्या, स्लाइड चिकटपट्टीने धरली, सुई सरळ झाली. ऑनलाइन मागवलेल्या चार चुंबकांपैकी दोघांवरची लाल खूणही चुकीच्या ध्रुवावर निघाली. होकायंत्राने तपासल्याशिवाय कुठल्याही खुणेवर विसंबू नका. सोपी खूण अशी: होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक जिकडे, तिकडे उत्तरगामी जिवाणू. म्हणजे ते चुंबकाच्या दक्षिण ध्रुवाकडे जातात. यात मी स्वतः तीनदा गोंधळले आहे.

दुसरा आठवडा गेला तो मी थेंब चुकीच्या जागेवरून घेत होते म्हणून. तळाचा काळा गाळ उपसत होते. यांना हवा असतो प्राणवायू संपत येतो तो पातळ थर, बरणीत गाळाच्या पृष्ठभागापाशीचे काही मिलिमीटर. मग पाषाण सोडून अलिबागजवळच्या खाडीच्या, सात आठवडे अंधारात ठेवलेल्या बरणीकडे वळले. गाळाच्या वर बोटभर उंचीवर काचेला बाहेरून चुंबकाचा दक्षिण ध्रुव अर्धा तास टेकवला आणि त्या जागेचं नितळ पाणी ड्रॉपरने घेतलं. धूळ खाली बसलेलीच राहते, पोहणारे तेवढे वर येतात.

रविवारी दुपारी, सूक्ष्मदर्शकाचं ४० एक्सचं भिंग. स्विच चालू केला. धुळीचे दोन कण वळले आणि थांबले. त्यांच्यामधून एक गोल ठिपका निघाला, सरळ रेषेत, दृष्टिक्षेत्र चार-पाच सेकंदांत पार. मागून दुसरा, तिसरा. स्विच पालटला. तिघंही एकदम अर्धवर्तुळात वळले आणि आल्या वाटेने परत निघाले. धूळ तिथेच. मी स्विच किती वेळा पालटला ते मोजलंच नाही, दर वेळी ते वळत राहिले. मग उकळलेला थेंब लावला: कण वळतात, कुणीही जागा सोडत नाही. आता मी छातीठोकपणे म्हणते, उत्तरगामी कोकाय (गोल जिवाणू), अलिबाग खाडी.

अलिबागचा चिखल निवडला तो माहेरच्या वाटेवर म्हणून. पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा जिथे हलवली, ते हेच अलिबाग. तिथे १९०४ पासून क्षेत्राची नोंद होते आहे. त्याच क्षेत्राची नोंद खाडीतले हे ठिपके आपल्या परीने ठेवतात. मेल्यावर माळ गाळात राहते. कण साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरचे, एका माळेत जवळजवळ एकाच मापाचे, टायटॅनियम नसलेले शुद्ध मॅग्नेटाइट, आणि तेवढ्या आकाराचा कण आपली चुंबकीय दिशा कोट्यवधी वर्षं सोडत नाही. १९८४ मध्ये कर्शविंक आणि चँग या संशोधकांना अशा माळांचे अवशेष खोल समुद्राच्या गाळात सापडले. न्यू जर्सीतल्या अँकोरा इथल्या ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, पृथ्वी झपाट्याने तापली त्या काळातल्या गाळात चार मायक्रोमीटरपर्यंतचे भाल्यासारखे स्फटिक मिळाले, आणि ते बनवणारा जीव आजही हाती लागलेला नाही. गाळ वाचणाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न माझ्या थेंबातलाच आहे: यातलं दगडातून आलेलं किती आणि जिवाणूंनी घडवलेलं किती? म्हणून मला या धुळीचा राग येत नाही. तिला ओळखल्याशिवाय दुसरं ओळखू येत नाही.

पुढचा बेत यू-टर्नचा व्यास मोजायचा होता. मोबाइलच्या स्लो मोशनवर चित्रण करायचं आणि त्यावरून माळेची ताकद काढायची. ते करीनच, पण हे लिहिताना दुसरंच सुचलंय. कड्या आडव्या, एकावर एक ठेवल्या तर मधे बरणी मावते. आपल्याकडे क्षेत्र जमिनीत जेमतेम पंचवीसेक अंश खाली झुकतं, म्हणजे उभा घटक एकोणीस-वीस मायक्रोटेस्ला. तो उलटा करायला चाळीसेक मिलिअँपियर पुरे. मग उत्तरगामींना खाली गाळाकडे नेणारी तीच रेषा त्यांना वर, प्राणवायूकडे ढकलेल. चुंबकी जिवाणूंवर संशोधन करणाऱ्या ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी असं करून पाहिलं होतं, आणि काही आठवड्यांत दक्षिणगामींची संख्या वाढली. ब्रून्हेस-मातुयामा सीमेला, सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीचं क्षेत्र खरोखर उलटलं तेव्हा चिखलात काय झालं असेल, त्याची आठ आठवड्यांची छोटी आवृत्ती माझ्या कपाटात होऊ शकते.

म्हणजे आणखी दोन कड्या लागणार, कारण या स्टेजवरून काढायला मी तयार नाही. काकांकडे पाइपाचा तुकडा आहे का ते उद्या विचारते. खाडीचा चिखल दोन सारख्या बरण्यांत आजच वाटून ठेवलाय, एक कड्यांत जाईल, दुसरी तशीच शेजारी. दर रविवारी दोन्हींतून एकेक थेंब, आणि उत्तरगामी-दक्षिणगामी वेगवेगळे मोजायचे. कुणाकडे खाडीची जुनी बरणी असेल तर तिसरी म्हणून चालेल, फक्त झाकण घट्ट लावू नका.