तो ‘दुसरा वापरकर्ता’ कोण?

नाताळ संपला की आमच्या ग्रंथालयातल्या मदतीच्या टेबलाचा सीझन सुरू होतो. टोरांटोच्या एका उपनगरातलं हे सार्वजनिक ग्रंथालय २५ आणि २६ डिसेंबरला बंद असतं. २७ला दार उघडायच्या आधीच बाहेर माणसं उभी, आणि प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी चार्ज न झालेलं किंवा न उघडणारं. ज्यांना किंडल (ॲमेझॉनचा ई-पुस्तकं वाचायचा रीडर) भेट मिळालेलं असतं, त्यांना वाईट बातमी मलाच द्यावी लागते: ग्रंथालयाची पुस्तकं किंडलवर घ्यायची सोय अमेरिकेतल्या ग्रंथालयांपुरती आहे, कॅनडात नाही. अमेरिकेतल्या मुलाने हौसेने पाठवलेलं खोकं हातात धरून उभ्या असलेल्या बाईला हे सांगणं काही सुखाचं काम नाही.

गेल्या नाताळानंतरचा तो दिवसही असाच सुरू झाला. एका काकांचं कालच घेतलेलं पुस्तक ‘मुदत संपली’ म्हणत होतं. रीडर कित्येक महिने कपाटात पडून होता, बॅटरी पार उतरली होती आणि त्याचं घड्याळ भलत्याच सालात जाऊन बसलं होतं. वाय-फाय जोडून तारीख ताळ्यावर आणली, पुस्तक उघडलं. काका खूश, मीही खूश. अशी कामं रोज मिळोत.

मग आजी आल्या. मागे आजोबा, हातमोजे काढत. आजींनी रीडर आणि लॅपटॉप टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “अगं, माझं पुस्तक कुणीतरी आधीच नेलंय. ऑक्टोबरपासून रांगेत होते मी.”

रीडर होता २०११ सालातला कोबो टच, म्हणजे कोबो कंपनीचा. नव्या कोबोत ओव्हरड्राइव्ह, म्हणजे ग्रंथालयाची ई-पुस्तकं देणारी सेवा, आतच असतं. कार्ड नंबर टाकला की पुस्तक थेट उतरतं. या जुन्या बिचाऱ्याला मात्र आधी संगणकावर ॲडोबी डिजिटल एडिशन्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये पुस्तक उघडावं लागतं आणि मग वायरीने रीडरवर चढवावं लागतं. आजींना हे सगळं तोंडपाठ होतं. आजवर अनेक पुस्तकं त्यांनी तशीच वाचली होती. या वेळी मात्र पडद्यावर इंग्रजीत संदेश येत होता: ‘ऑलरेडी फुलफिल्ड बाय अनदर यूजर’, म्हणजे दुसऱ्या वापरकर्त्याने हे आधीच घेतलंय.

पुस्तक डाउनलोड केलं की आधी हाती येते ती एसीएसएम नावाची जेमतेम काही केबीची फाइल. ती म्हणजे पुस्तक नव्हे, पुस्तक आणायची नुसती चिठ्ठी. ती ज्या संगणकावर पहिल्यांदा उघडते, तिथला ॲडोबी आयडी, म्हणजे ॲडोबीच्या खात्याची ओळख, त्या पुस्तकावर लागतो. पुढे कार्ड तेच असलं तरी दुसऱ्या आयडीला ते उघडत नाही. म्हणजे कुणीतरी ही चिठ्ठी आधीच वटवली होती.

“घरी आणखी कुणी हे कार्ड वापरतं का?” मी विचारलं.

आजोबा हातमोजे नीट घडी करायला लागले.

झालं होतं असं, की पुस्तक आल्याची ईमेल आली तेव्हा आजी स्वयंपाकघरात होत्या. आजोबांनी बायकोला मदत म्हणून स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या आयडीने ते उतरवून ठेवलं. “मी फक्त उघडतंय का ते बघितलं,” ते म्हणाले. आजींनी त्यांच्याकडे जे बघितलं, त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती. मला डोंबिवलीचं आमचं वाचनालय आठवलं. एका कार्डावर अख्खं घर वाचायचं आणि काउंटरवरच्या काकांना ते ठाऊक असायचं. सॉफ्टवेअरला असं शेजारपाजार कळत नाही.

सरळ उपाय म्हणजे आजोबांच्या लॅपटॉपवरून पुस्तक परत करायचं आणि आजींनी पुन्हा घ्यायचं. पण इथे ई-पुस्तकाचीही एक प्रत एका वेळी एकालाच मिळते. परत केलं की ते रांगेतल्या पुढच्या माणसाकडे जाणार आणि आजी पुन्हा शेवटी. हे ऐकताच आजींनी टेबलावर बोट आपटलं. “परत करायचं नाही.”

दुसरा मार्ग, आजींचा लॅपटॉप आजोबांच्या आयडीवर आणायचा. पण पासवर्ड? आजोबांना तो आठवेना. त्यांनी तीन कुत्र्यांची नावं घालून पाहिली, एकही लागलं नाही.

तेवढ्यात मला सुचलं, की आजोबांच्या लॅपटॉपवर आयडी आधीच नोंदलेला आहे. रीडर त्याला जोडला तर तो त्याच आयडीवर घेता येईल, पासवर्ड लागायचं कारणच नाही. आजोबा बर्फातून घरी जाऊन लॅपटॉप घेऊन आले. बरोबर वायरही आणली, पण रीडर काही दिसेना. ती वायर फक्त चार्जिंगची होती. अशा वायरींनी आमचा निम्मा वेळ खाल्लाय, म्हणून डेटा जाणारी एक मी खणातच ठेवते. ती लावली, रीडरच्या पडद्यावर ‘कनेक्ट’ दाबलं, डावीकडच्या यादीत कोबोचं नाव आलं.

आता रीडरवरची आजींच्या आयडीची नोंद पुसायची होती. “ही पुसली तर याच्यावरचं तुमचं आधीचं उसनं पुस्तक उघडणार नाही,” मी सांगितलं. “अर्धं झालंय ना?”

“ते? कंटाळवाणं आहे. पूस.”

पुसलं. रीडर आजोबांच्या आयडीवर घेतला, पुस्तक ओढून त्यावर सोडलं, वायर काढली. जुन्या रीडरने थोडा विचार केला आणि मुखपृष्ठ दाखवलं. आजींनी लगेच पान उलटून खात्री केली, मग दुसरंही उलटलं.

“मलाही वाचता येईल ना आता?” आजोबांनी विचारलं. येईल म्हटलं, तुमच्या लॅपटॉपवर ते आहेच, मुदत एकवीस दिवसांची. “शेवट सांगायचा नाही,” आजींनी तिथल्या तिथे बजावलं. पासवर्ड नवा करून घ्या म्हणून मी एक कागद लिहून दिला. तो आजोबांनी घ्यायच्या आत आजींनी आपल्या पर्समध्ये टाकला.